घरात शिरलेला चोर आणि स्वसंरक्षणाचा हक्क : ठाणे-नवी मुंबईतील रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारती असोत, नौपाड्यातील जुन्या इमारती असोत, कळव्यातील चाळी असोत की वाशी-नेरूळमधील बैठी घरे. सोसायटीच्या सभेत घरफोडीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. चोर समोर आला, आम्ही मारले आणि तो मेला, तर पुढे काय? फौजदारी वकिली करताना या प्रश्नामागे दोन ठाम समजुती मला सतत आढळतात. घरात शिरलेल्या माणसाचे काहीही केले तरी चालते, ही एक. आणि चोराला नुसता हात लावला तरी आपणच तुरुंगात जातो, ही दुसरी. पहिल्या समजुतीमुळे विनाकारण माणूस मारला जातो आणि दुसरीमुळे स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क असलेला माणूस ऐनवेळी कचरतो. म्हणून खालील उत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

घरात शिरलेल्या चोराला ठार मारण्याचा अधिकार कायदा देतो का?

ठरावीक परिस्थितीत देतो, सरसकट देत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच तत्त्वे कलम ९६ ते १०६ मध्ये होती, त्यामुळे त्या कलमांवरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आजही उपयोगी पडतात. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता मर्यादित नाही. दुसऱ्याचे शरीर, स्वतःची मालमत्ता आणि दुसऱ्याची मालमत्ता यांच्या रक्षणासाठीही तो आहे. म्हणजे शेजारच्या घरातून किंकाळी ऐकून धावून जाणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. मात्र या हक्काची मर्यादा प्रत्येक वेळी सारखी नसते. काही धोक्यांसमोर समोरच्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत तो जातो, काहींसमोर त्याच्या बराच अलीकडे थांबतो.

मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क नेमका कधी पोहोचतो?

शरीराच्या बाबतीत कलम ३८ पाहावे. समोरच्याच्या हल्ल्यामुळे मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, हल्ला बलात्काराच्या, अनैसर्गिक अत्याचाराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने होत असेल, सरकारी यंत्रणेकडे दाद मागता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी होत असेल, किंवा अ‍ॅसिड फेकले जात असेल वा फेकण्याचा प्रयत्न होत असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू घडला तरी तो गुन्हा ठरत नाही.

मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ आहे आणि घरफोडीचा प्रश्न बहुतेक वेळा याच कलमाभोवती फिरतो. चार प्रसंगांत हा हक्क मृत्यू घडवण्यापर्यंत जातो: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावून अथवा स्फोटकांनी केलेले नुकसान, आणि ज्या परिस्थितीत आपण प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत हाच परिणाम होईल अशी वाजवी भीती वाटावी, अशी चोरी, नुकसान किंवा घरातील अतिक्रमण. या चारांपैकी काहीच नसेल, तर कलम ४२ नुसार चोराला रोखण्यासाठी इजा करता येते, पण जाणूनबुजून त्याचा मृत्यू घडवता येत नाही.

या साऱ्यावर कलम ३७ चा लगाम आहे, आणि लोक नेमके तेच कलम विसरतात. बचावासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणत्याही परिस्थितीत मिळत नाही, आणि पोलिसांकडे दाद मागण्याइतका वेळ हातात असेल तर हक्कच उरत नाही. म्हणून ‘रात्रीची घरफोडी होती’ एवढे सांगून कोणताही प्रहार आपोआप माफ होत नाही.

रात्रीची घरफोडी वेगळी का मानली आहे? दिवसा चोर आला तर?

अंधारात घरातील माणसे झोपेत असतात, शेजारी जागे नसतात, समोरच्याच्या हातात काय आहे हे दिसत नाही आणि त्याच्यासोबत किती जण आहेत हे कळत नाही. ही असहायता कायद्याने गृहीत धरली आहे. पण कायद्यातील रात्र घड्याळावर ठरत नाही, सूर्यावर ठरते. ठाण्यात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातनंतर. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला फुटलेले कुलूप एका महिन्यात रात्रीची घरफोडी ठरेल आणि दुसऱ्यात ठरणार नाही.

शहरात नवरा-बायको दोघे कामावर गेलेली असताना भरदुपारी बंद फ्लॅट फोडण्याचे प्रकार अनेक होतात. अशा वेळी अचानक घरी परतलेल्या माणसासमोर चोर आला, तर निव्वळ घरफोडी झाली म्हणून मृत्यू घडवण्याचा हक्क मिळत नाही. चोराने कटावणी उगारली, गळ्याला चाकू लावला किंवा वाट अडवून हल्ला केला, तर शरीराच्या रक्षणाचा हक्क जागा होतो, आणि त्याला दिवस-रात्रीचे बंधन नाही.

उन्हाळ्यात दार उघडे ठेवून झोपलो आणि चोर सरळ आत आला, तर ती घरफोडी होते का?

प्रत्येक वेळी नाही. कुलूप किंवा कडी उघडणे, माणसाने आत येण्यासाठी नसलेल्या वाटेने, म्हणजे खिडकीतून वा भिंत चढून शिरणे, बळ वापरून किंवा धमकी देऊन शिरणे वा बाहेर पडणे, अशा ठरावीक मार्गांनी झालेला प्रवेश घरफोडी ठरतो. पाण्याच्या पाइपावरून चढून बाथरूमच्या झडपेतून आत येणारा माणूस या व्याख्येत नक्की बसतो. सताड उघड्या दारातून आलेला भुरटा चोर बसेलच असे नाही. मग मृत्यू किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती होती, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

‘आवश्यकतेपेक्षा अधिक’ हे न्यायालय कसे ठरवते? त्या क्षणी आम्ही हिशेब कसा करणार?

असा हिशेब न्यायालय तुमच्याकडून मागत नाही. १९५२ मधील अमजद खान प्रकरणात कटनी येथे दंगलीचा जमाव एका दुकानदाराच्या दारावर काठ्या आपटत होता, आत त्याचे कुटुंब होते, आणि त्याने केलेल्या गोळीबारात एक माणूस मारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, आणि अशा संकटात सापडलेल्या माणसाची कृती सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही हे तत्त्व स्पष्ट केले. २०१० मधील दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आहेत: भीती वाजवी असली म्हणजे पुरे, धोका प्रत्यक्षात तेवढा नव्हता असे नंतर आढळले तरी चालते, वापरलेले बळ मात्र धोक्याच्या मानाने अगदीच विषम असता कामा नये.

व्यवहारात न्यायाधीश काही साध्या गोष्टी पाहतात. चोराच्या हातात काय होते, तो एकटा होता की टोळीने आला होता, घरातील माणसांचे वय आणि ताकद काय होती, घाव शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती आहेत, ते समोरून आहेत की पाठीमागून. झटापटीत डोक्यावर बसलेला एक तडाखा आणि खाली कोसळलेल्या माणसावर पुन्हा पुन्हा घातलेले घाव यांतला फरक शवविच्छेदनाच्या अहवालात दिसतो. म्हणून ‘भानच राहिले नाही’ हे सांगणे पहिल्या तडाख्यासाठी मान्य होऊ शकते. दहाव्यासाठी ते मान्य होणे फार अवघड आहे.

चोर पळू लागला तर पाठलाग करून मारता येते का?

पाठलाग करता येतो, माल परत घेण्यासाठी आवश्यक तेवढे बळही वापरता येते. कलम ४३ प्रमाणे चोरीच्या बाबतीत चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत हक्क चालू राहतो. रात्रीच्या घरफोडीत तो घुसखोर घरात असेपर्यंतच चालू असतो. तो दाराबाहेर पडून जिना उतरू लागला की प्राणघातक बळाचा आधार संपतो. साठच्या दशकातील जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे: धोक्याची भीती संपली की हक्क संपतो, आणि पळणाऱ्या माणसावर झाडलेली गोळी बचावात मोडत नाही.

उंच इमारतींतील एक प्रसंग मला वारंवार विचारला जातो. सहाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर माणूस ग्रिल धरून लटकला आहे. त्याच्या हातावर काठी मारावी का? तो खिडकीतून आत घुसत असेल, रात्र असेल आणि आत मुले झोपली असतील, तर हक्क सुरू झालेला आहे, कारण गुन्हा पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. पण आरडाओरडा ऐकून तो माघारी खाली उतरू लागला असेल, तर त्या उंचीवर हातावर मारलेली काठी आणि डोक्यात घातलेली पहार यांत परिणामाचा काहीच फरक नाही. तो खाली पडून मेला तर ‘मी फक्त हातावर मारले’ हा बचाव कोणीही मान्य करणार नाही, आणि माझ्या मते करूही नये. याउलट कोणी न मारता तो स्वतःच घसरून पडला, तर ओरडणाऱ्या रहिवाशावर त्याच्या मृत्यूची जबाबदारी येत नाही.

चोर पकडला गेला, मग लोकांनी त्याला चोप दिला. यात चूक काय?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मध्यरात्री एकटा गृहस्थ चोराशी झुंजतो आणि चोर मरतो, हा प्रसंग विरळा असतो. चोर हाती लागतो, त्याला गेटजवळच्या खांबाला बांधतात, वॉचमन, रहिवासी, वाटेने जाणारे, ज्याला जमेल तो हात साफ करून घेतो आणि पहाटे पोलीस येतात तेव्हा माणूस निपचित पडलेला असतो, हे मात्र आपल्याकडे घडते, आणि त्यात सामील झालेल्यांपैकी अनेकांना आपण गुन्हा करत आहोत याची कल्पनाही नसते.

बांधलेल्या माणसापासून कोणालाही धोका नसतो. त्यामुळे त्याच्यावर पडणाऱ्या पहिल्या थपडेपासून स्वसंरक्षणाचा प्रश्नच उरत नाही. ती मारहाण आहे, आणि तो मेला तर परिस्थितीनुसार खून किंवा सदोष मनुष्यवध (मृत्यू घडवण्याचा, पण खुनाहून कमी गंभीर गुन्हा) आहे. कोणाचा घाव जीवघेणा ठरला हे शोधण्याचीही गरज नसते. समान उद्देशाने केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर येते, आणि पाच किंवा अधिक जण असतील तर बेकायदा जमावाची कलमेही लागतात. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांच्या गटाने केलेल्या खुनासाठी नव्या संहितेच्या कलम १०३ मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची वेगळी तरतूद आहे; ‘इथला दिसत नाही’ एवढ्यावरून एखाद्याला धरणाऱ्यांनी ती वाचून ठेवावी. मोबाइलवर हौसेने काढलेले चित्रीकरण पुढे सरकार पक्षाचा पुरावा होते.

रात्रीची घरफोडी चोरीच्या हेतूने केली तरी कायद्यातील कमाल शिक्षा चौदा वर्षांच्या कारावासाची आहे. ज्या गुन्ह्यासाठी न्यायाधीशालाही फाशी देता येत नाही, त्याची फाशी आवारातील जमाव अर्ध्या तासात देऊन मोकळा होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताचे संरक्षण ‘प्रत्येक व्यक्तीला’ आहे आणि बांधलेला चोरही व्यक्तीच असतो. शिवाय तो चोर आहे हे तरी कोणी तपासले? धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून पाच जणांना ठार मारण्यात आले. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी चोर फिरत असल्याच्या अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जमावाने बळी घेतला. २०१४ पर्यंत तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसे निरपराध होती.

मग पकडलेल्या चोराचे करायचे काय?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ४० नुसार, आपल्यासमक्ष दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही अटक करू शकतो. मात्र विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. खोलीत बंद करा, हात बांधावे लागले तर बांधा, झडती घेऊन हत्यार काढून घ्या, ११२ क्रमांकावर कळवा. तो जखमी असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. पाणी मागितले तर द्या.

चुकून दुसऱ्याच माणसाला चोर समजून मारले तर?

न्याय संहितेतील एक उदाहरण जणू आपल्या इमारतींसाठीच लिहिले आहे. घरात येण्याचा कायदेशीर अधिकार असलेला माणूस रात्री आत येतो, दुसरा त्याला प्रामाणिकपणे घरफोड्या समजून हल्ला करतो. हल्ला करणाऱ्याचा गुन्हा होत नाही. आणि आत येणाऱ्यालाही त्याच्यापासून बचाव करण्याचा तितकाच हक्क राहतो. दोन्ही बाजू निर्दोष आणि तरी एकाचा जीव जाऊ शकतो, हे कायद्याने मान्य केले आहे.

एकसारखे तीस मजले, एकसारखी दारे. दारू प्यालेला किंवा नुकताच राहायला आलेला शेजारी चुकीच्या मजल्यावर उतरून तुमच्या दाराशी किल्ली लावत राहतो. विस्मरणाचा आजार असलेले आजोबा उघड्या दारातून आत येऊन सोफ्यावर बसतात. रात्री उशिरा न कळवता मुलगा होस्टेलवरून येतो. कायद्याला प्रामाणिक समज पुरेसा नाही, त्यामागे योग्य काळजीही हवी. ‘कोण आहे?’ असे मोठ्याने विचारणे, दिवा लावणे, आपल्या घरातील सगळी माणसे जागेवर आहेत का हे पाहणे, याला काही क्षण लागतात. ज्यांच्या हातून आपलेच माणूस गेले, त्यांना न्यायालयाने निर्दोष सोडले तरी ते त्यातून सुटत नाहीत.

घरात एकटी महिला किंवा वृद्ध दांपत्य असेल तर कायदा काही वेगळे पाहतो का?

कलमे तीच आहेत, पण वाजवी भीती कोणाची हे पाहिले जाते. पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थाला निःशस्त्र तरुणाच्या नुसत्या धक्क्यानेही जबर दुखापत होऊ शकते, आणि त्याने हाताला लागलेली जड वस्तू फेकून मारली तर ती त्याच्या स्थितीच्या मानाने जोखली जाते. महिलेच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराची वाजवी भीती हा स्वतंत्र आणि पूर्ण आधार आहे. पार्सल देण्याच्या निमित्ताने आलेल्या माणसाने आत ढकलून दार लावून घेतले, तर भरदिवसा आणि काहीही चोरीला गेलेले नसतानाही तिचा हक्क शेवटच्या टोकापर्यंत जातो. प्रत्यक्ष अत्याचार सुरू होण्याची वाट पाहण्याची तिला गरज नाही. ही गोष्ट घरातील मुलींना आणि आईला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी असे मी आग्रहाने म्हणेन, कारण ‘नंतर आपल्यालाच त्रास होईल’ या भीतीने हात थांबतो तो याच प्रसंगी.

आधी पळून जाण्याची किंवा पोलिसांना फोन करण्याची सक्ती आहे का?

पळून जाण्याची सक्ती आपल्या कायद्यात नाही. पण पोलिसांची मदत मिळवण्याइतका वेळ खरोखर असेल, तर बळाचा वापर करता येत नाही. दिवाणखान्यात आवाज येतो आहे, तुम्ही सगळे आतल्या खोलीत कडी लावून सुरक्षित आहात आणि हातात फोन आहे, अशा वेळी पहार घेऊन बाहेर जाणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे आणि जिवाच्या दृष्टीनेही. कपाटातील दागिने जातील, कदाचित आईच्या हातचे असतील, त्यांची किंमत पैशात होत नाही हे मला मान्य आहे. तरीही दार लावून ११२ ला फोन करा असेच मी सांगेन.

ग्रिलमध्ये किंवा कंपाउंडच्या तारेत वीज सोडली तर चालेल का?

चालणार नाही. साठच्या दशकातील चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात एका माणसाने शेजाऱ्यांनी आपले शौचालय वापरू नये म्हणून वाटेवर विजेची उघडी तार बांधली, आणि शेजारची एक स्त्री तिला स्पर्श होऊन मेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. अतिक्रमण करणारा माणूसही कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. तार, छुपा सापळा किंवा खिळ्यांचा खड्डा यांना समोर कोण आहे हे कळत नाही; चोर, चेंडू आणायला आलेला मुलगा आणि आग विझवायला आलेला जवान त्यांना सारखेच असतात. भिंतीवर दिसतील अशा काचा किंवा काटेरी तार हा अडथळा आहे. लपवलेला मृत्यू हा सापळा आहे.

घरात हत्यार ठेवावे का?

बंदुकीसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो आणि ठाणे व नवी मुंबईत तो त्या त्या पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. तलवार, गुप्ती, मोठा सुरा ‘घरात असावा’ म्हणून आणणाऱ्यांनी हा अधिनियम त्यांनाही लागू होतो हे ध्यानात घ्यावे. मिरपुडीचा फवारा ठेवता येतो. माझे मत असे, की चांगले कुलूप, दाराची साखळी, आतून लावायची भक्कम कडी आणि जिन्यातील दिवा यांनी जितके जीव वाचतात तितके हत्याराने वाचत नाहीत.

वॉचमनला आमच्यापेक्षा जास्त अधिकार असतात का?

नाही. त्याला गणवेश असला तरी हक्क सामान्य नागरिकाचेच आहेत. ‘बघतोस काय, हाण त्याला’ असे कमिटीच्या सदस्याने सांगितले तर सांगणाराही आरोपी होऊ शकतो, आणि अटक मात्र बहुधा आधी त्या गरीब वॉचमनला होते. सोसायटीने त्याच्यावर ही वेळ आणू नये.

वसुली एजंट, जुना भाडेकरू किंवा मालमत्तेच्या वादातील भाऊ घरात शिरला तर?

त्याला बाहेर काढण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरता येईल, पण तो जिवावर उठल्याशिवाय प्राणघातक बळाचा विचारही करू नये. असे वाद दिवाणी न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात नेण्याचे आहेत.

कायद्याने परवानगी दिली तरी चोराला मारणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

माझे उत्तर असे आहे. घरात शिरणाऱ्याने घरच्या माणसांना अनिश्चिततेत ढकललेले असते. तो टीव्ही न्यायला आला आहे की गळा चिरायला, हे झोपेतून उठलेल्या आईला कळण्याचा मार्ग नसतो. या अनिश्चिततेची जोखीम ती निर्माण करणाऱ्याने सोसावी, मुलांजवळ उभ्या असलेल्या आईने नव्हे, हे मला न्याय्य वाटते. तिच्या हातून मृत्यू घडला तर मी तिला दोष देणार नाही.

पण ही परवानगी अनिश्चिततेतून आलेली आहे आणि तिच्याबरोबरच संपते. दिवा लागला आणि समोर चौदा-पंधरा वर्षांचा, थरथरणारा मुलगा दिसला. त्याने हात वर केले. हातातली पिशवी खाली टाकली. तो दाराकडे वळला. यांपैकी काहीही घडले की आपण काय रोखत आहोत हा प्रश्न बदलतो. त्यानंतरचा प्रहार रागाचा असतो, ‘माझ्या घरात शिरतोस?’ या अपमानाचा असतो. तो राग मला समजतो. घरात कोणी शिरून गेले की त्या घरात कित्येक महिने झोप लागत नाही हे मी अशिलांकडून ऐकले आहे. तरीही अपमानाची भरपाई म्हणून जीव घेता येत नाही. मालमत्तेसाठी जीव घेणे आणि मालमत्ता वाचवताना जिवावर बेतल्यामुळे जीव घेणे यांत अंतर आहे, आणि आपल्या कायद्याची रचना बऱ्याच अंशी त्याच अंतरावर उभी आहे. रात्रीच्या घरफोडीच्या तरतुदीत ते थोडे पुसट होते, म्हणून तिथे माणसाने कायद्यापेक्षा स्वतःला जास्त विचारावे असे मला वाटते.

अमेरिकेत घरात शिरलेल्याला गोळी घालता येते असे मोबाइलवर वाचले. आपल्याकडे तसे का नाही?

तिथेही राज्याराज्यांत फरक आहे. फ्लोरिडाने २००५ मध्ये माघार न घेण्याच्या हक्काचा व्यापक कायदा केला. इंग्लंडमध्ये २०१३ पासून घरात शिरलेल्याविरुद्ध वापरलेले बळ काहीसे विषम असले म्हणून घरमालक आपोआप दोषी ठरत नाही; अतिशय विषम बळाला मात्र तिथेही माफी नाही. पण त्याच देशात १९९९ मध्ये नॉर्फोकमधील एका शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीत गोळी घातली तेव्हा त्याला खुनासाठी दोषी ठरवले गेले, आणि अपिलात ते सदोष मनुष्यवधावर आले. यांपैकी काहीही ठाण्याच्या न्यायालयाला बंधनकारक नाही. आपला हक्क तसा संकुचितही नाही. तो फक्त धोक्याशी बांधलेला आहे.

मृत्यू घडलाच, तर लगेच काय करावे आणि पुढे काय होते?

११२ आणि १०८ ला ताबडतोब फोन करावा. चोर जिवंत असण्याची थोडीही शक्यता असेल तर त्याला वैद्यकीय मदत मिळू द्यावी. रक्त पुसू नये, वस्तू हलवू नयेत, चोराच्या हातात नसलेला चाकू त्याच्या हातात ठेवू नये. असा एक खोटेपणा उघड झाला की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. स्वतःला आणि घरच्यांना झालेल्या जखमांची सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्यावी. सीसीटीव्हीचे चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून सोसायटीकडून ते लेखी मागून जपावे.

पोलीस गुन्हा नोंदवतील, अटकही होऊ शकते. त्यावरून तुम्ही दोषी ठरत नाही; स्वसंरक्षणाचा अपवाद लागू होतो की नाही हे अखेर न्यायालय ठरवते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम १०८ प्रमाणे स्वसंरक्षण दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण ते संशयातीत सिद्ध करावे लागत नाही. तसे घडले असणे अधिक संभवनीय आहे इतके दिसले तरी पुरते. आरोपीने बचाव मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल, तर न्यायालय त्याचा विचार करू शकते. तरीही पहिल्या जबाबापासून खरी हकिगत सुसंगतपणे सांगणे शहाणपणाचे, आणि त्याआधी वकिलाशी बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे.

हक्क होता, पण सद्भावनेने, पूर्वनियोजन आणि जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली, असे ठरले तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो. त्यासाठी न्याय संहितेचे कलम १०५ आहे: मृत्यू घडवण्याचा किंवा तशी इजा करण्याचा हेतू असल्यास जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे, केवळ जाणीव असल्यास दहा वर्षांपर्यंत. हक्काचाच आधार नसेल तर खुनासाठी जन्मठेप किंवा फाशी.

नवी मुंबईतील खटला कुठे चालतो?

खून आणि सदोष मनुष्यवधाचे खटले सत्र न्यायालयात चालतात. दिघा ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो; खारघर, कळंबोली, पनवेल हा भाग नवी मुंबई पोलिसांकडे असला तरी जिल्हा रायगड आहे. त्यामुळे पोलीस आयुक्तालय एक असूनही खटल्याचा जिल्हा वेगळा असू शकतो.

चोर जखमी होऊन वाचला, तर तो आमच्याविरुद्ध तक्रार करू शकतो का?

करू शकतो, आणि पोलिसांना ती ऐकून घ्यावी लागते. घरफोडीचा त्याच्यावरचा गुन्हा आणि मारहाणीचा तुमच्यावरचा आरोप हे दोन्ही स्वतंत्रपणे तपासले जातात. तुम्ही बचावाच्या मर्यादेत राहिला असाल तर त्याच्या तक्रारीला घाबरण्याचे कारण नाही. त्याला बांधून मारले असेल, तर त्याने घरफोडी केली होती हे खरे असूनही तुमच्याकडे उत्तर नसेल.